सिस्टरबाईंनी परत केलेली मादी

सिस्टरबाई माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि सरळ जमिनीवर उकिडव्या बसल्या. मला वाटलं, बाईंना चक्कर आली. पाण्याचा ग्लास घेऊन धावलो, तर बाई मान वाकडी करून काचेच्या टाकीखालून माशांची पोटं बघत होत्या.

"बाई, मासे समोरून बघायचे असतात," मी म्हणालो.

"समोरून तं सगळेच चांगले दिसते. ह्याच्यातला नर कोनता?"

मी आत्मविश्वासाने बोट ठेवलं. "हा. हा मोठा आहे ना!"

"तुही माय तुह्या बापापेक्षा धिप्पाड होती. मी दोघायलेही पाह्यलं हाये. मंग?"

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात शोभेच्या माशांचं दुकान काढून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. चारही बाजूंना राईस मिल, धानाची पोती आणि तलावातली मासळी चवीने खाणारी माणसं. दुकानात येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, "भाऊ, हा तळून कसा लागते?" अशा गावात नर कोण, मादी कोण याची पंचाईत मी कशाला करू? जोडी मागितली की जाळी फिरवायची, एक मोठा, एक लहान पिशवीत टाकायचा आणि "सुखाने नांदतील" म्हणून द्यायचा, असा माझा खाक्या होता.

बाईंची आणि माझी ओळख म्हणाल तर तशी माझ्या जन्मापासूनची. पोंभुर्ण्याकडच्या सरकारी दवाखान्यात त्या पस्तीस वर्षं नर्स होत्या आणि मी त्यांच्याच हातावर झालो. त्या भागातल्या निम्म्या लोकांचं हेच आहे. बाळंतपण झालं की बाहेर ताटकळलेले नातेवाईक विचारायचे, "मुलगा की मुलगी?" बाई उत्तरच द्यायच्या नाहीत. हात धूत उभ्या राहायच्या. "बाईची तब्येत कशी आहे?" असं कुणी विचारलं की मगच पुढचं सांगायच्या. एका पोलीस पाटलाला ही खुबी कळेना, तो बिचारा सकाळपासून जेवणवेळेपर्यंत "मुलगा का मुलगी" करत बसला होता म्हणे. शेवटी चहावाल्याने त्याच्या कानात सांगितलं.

निवृत्त झाल्यावर बाईंनी मूलला घर बांधलं. नागपूरच्या मुलाने करमणुकीसाठी काचेची टाकी आणून दिली. ती दिवाणखान्यात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेली. एरवी बाईंनी दोन सोनेरी मासे सोडून टीव्ही बघितला असता, पण माझ्या दुकानातल्या रॅम नावाच्या माशाने त्यांना वेड लावलं. अंगठ्याएवढा जीव, अंगावर पिवळा-निळा रंग, डोळ्यावरून काळी रेघ, आणि नवराबायको मिळून अंडी राखतात. "बाप पन राखते?" बाईंनी तीन वेळा विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या टाकीपुढे हातच जोडायच्या राहिल्या.

मग बाईंनी अभ्यास चालू केला. रोज दुपारी चष्मा, वही आणि बॅटरी घेऊन दुकानात हजर. महिन्याभरात त्यांनी मला शिकवायला घेतलं. मादीचं पोट गुलाबी असतं. अंगावरच्या काळ्या ठिपक्यात तिला निळी चमक असते, नराचा ठिपका कोरा काळा. नराच्या पाठीवरचे पुढचे काटे लांब, तुऱ्यासारखे उभे. हे झालं साध्या निळ्याचं. सोनेरी आणि पूर्ण निळाशार यांच्या अंगावर ठिपकाच नीट दिसत नाही, तिथे अंडी घालायच्या सुमाराला खालून बघायचं. पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, ती बोथट असली तर मादी, टोकदार असली तर नर.

"बाकी सगळं सोंग असते, विलास. नाव ठेवाच्या आधी खाली पाहाच लागते," बाई म्हणायच्या.

गिऱ्हाईक विचारायचं, "ह्याची जात कोणती?" की बाई कोपऱ्यातून गरजायच्या, "जात नाई, वाण म्हना! धानाचे नसते का, तसे वाण. जात आपल्या घरी ठेवून येत जा." गिऱ्हाईक दचकायचं, पण मासा घेऊन जायचं. हळूहळू चंद्रपूर-नागभीडचे शौकीन लोक डबे घेऊन बाईंना शोधत यायला लागले. बाई डबा उन्हाकडे धरायच्या, "हा बाप. ही माय. हे दोघं भाऊ हायेत, उगाच लग्न लावू नको," असा निकाल द्यायच्या, आणि तो कधी चुकायचा नाही. माझ्या दुकानाचं नाव झालं ते बाईंमुळे. श्रेय मात्र मी घेत होतो, हेही सांगून टाकतो.

त्याच दिवसांत नागपूरहून एक नवा माल आला. असे रंग मी पाहिले नव्हते. बाईंनी त्यातून स्वतःसाठी जोडी निवडली. नराचं नाव राजाभाऊ, मादीचं कमळा. राजाभाऊंचा तुरा असा की बघत राहावं. बाई तर म्हणायच्या, "आमच्या मेडिकल ऑफिसरसारखा हाये अगदी. काम कोन करते माईत नाई, पन दिसते साहेब."

महिन्यात अंडी झाली. सपाट दगडावर साबुदाण्यासारखी, शेकड्याने. बाईंनी मला घरी बोलावून दाखवली. "एवढी अंडी कुठी पाह्यली का? दुप्पट हायेत पुस्तकापेक्षा!" दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडली, म्हणजे वाया गेली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बाईंनी बोअरचं पाणी बदललं, उकळून घातलं, बदामाची पानं टाकली, खाणं बदललं. पुन्हा पांढरी.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आई रंजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन चंद्रपूरच्या दोन डॉक्टरणींकडे जाऊन आली होती. दोघींनी सांगितलं, हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याची तपासणी करा. आईने तिसरी डॉक्टरीण शोधली. मी? मला काय धाड भरली होती! मला साधी सर्दी होत नाही. बाई दर आठवड्याला म्हणायच्या, "विलास, एकदा जाऊन ये बाप्पा. सुई नाई, टोचनं नाई. काऊन घाबरून राह्यला?" मी म्हणायचो, "सोमवारी जातो." दोन वर्षं मी सोमवारी जात होतो. खरं सांगू? मला उत्तराची भीती वाटत होती, आणि रंजनाच्या नावावर ते खपतंय तोवर मला बरं चाललं होतं.

दिवाळी झाली आणि आईने ठरवलं की रंजनाला "हवापालटासाठी" नागभीडला माहेरी सोडायचं. पोंभुर्ण्याच्या एका मुलीची चौकशीही आईने केली होती. मला हे ठाऊक होतं. मी काय केलं? टाक्या घासल्या. त्या आठवड्यात माझ्या दुकानाच्या काचा जितक्या स्वच्छ होत्या तितक्या कधीच नव्हत्या.

आणि तेव्हाच एका दुपारी बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत कमळा.

"ही घे परत. दुसरी दे. हिच्यातच खोट हाये."

"आणि राजाभाऊ?"

"राजाभाऊले काय झालं? तुरा पाह्य ना त्याचा!"

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरी रोज हेच ऐकत होतो. मी दुसरी मादी दिली. कमळाला खालच्या टाकीत टाकलं. तिथे एक नर पडून होता, शेपटी फाटलेला, रंग उडालेला, दोन वर्षांत कुणी घेतला नव्हता असा. इकडे नव्या मादीचीही अंडी पांढरी पडली. "हीपन तशीच निघाली," बाई हताश होऊन म्हणाल्या.

तीन आठवडे गेले. रविवारची दुपार होती. मी जेवून दुकानात आलो तर रंजना खालच्या टाकीपुढे बसलेली. आई तिला उठवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळची नागभीडची गाडी होती, बॅग भरून तयार होती. "चाल वं, मासोळ्या पाहून काय होते!" तेवढ्यात बाई आल्या. रंजना त्यांना म्हणाली, "बाई, ही तुमचीच कमळा ना?"

कमळाभोवती पिल्लं होती. पन्नास-साठ तरी, पाण्यात मोहरी उधळावी तशी. तो फाटक्या शेपटीचा बाप त्यांच्या मागे-पुढे करत होता.

बाई खाली बसल्या. मग ताडकन उठून घराकडे निघाल्या, चपला दुकानातच विसरून. पंधरा मिनिटांत परतल्या तर हातात तोच डबा. आत राजाभाऊ. डबा त्यांनी काउंटरवर आपटला, पाणी माझ्या शर्टावर उडालं.

"पाह्य."

मी बाईंनी शिकवलं होतं तसं पाहिलं. ठिपक्यात निळी चमक. पोट गुलाबी. नळी बोथट.

"बाई... ही मादी आहे."

"मादी हाये," बाई म्हणाल्या. "रंग चढावा म्हनून ते व्यापारी काईबाई औषध चारते. नराचा रंग आला, तुरा आला. म्हनून तं अंडी दुप्पट होती, दोघीही घालत होत्या! पन औषध उतरून चार महिने झाले, विलास. टाकी माह्या जेवनाच्या ताटापुढं हाये. रोज पाह्यलं. दिसलं काऊन नाई?" आणि त्या माझ्या आईकडे वळल्या. "अनुसयाबाई, मी राजाभाऊकडे पाह्यलंच नाई. कमळीच्याच मागं लागली होती. पस्तीस वर्षं घरोघरी सांगत फिरली का बायांनो, एकटीले बोल लावू नका. आन् माह्या घरी मी काय केलं? एकीले डब्यात घालून माहेरी धाडलं, दुसरी आनली, तिलेही नावं ठेवली!"

बाईंचा आवाज फाटला. एवढ्या दणकट बाईला मी रडताना पाहिलं नव्हतं. आई पुटपुटली, "मासोळीचं काय घेऊन बसल्या, सिस्टर," पण आवाजात दम नव्हता.

बाईंनी नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "उद्या कोनता वार हाये?"

"सोमवार," मी म्हणालो.

त्या सोमवारी सकाळच्या गाडीत रंजनाबरोबर मी बसलो. ती गाडी नागभीडची नव्हती, चंद्रपूरची होती. तपासणीच्या खिडकीवरच्या माणसाने माझं नाव आणि कामाचं स्वरूप इतक्या खणखणीत आवाजात पुकारलं की दोन पेशंट दुसऱ्या आजारासाठी आलेले असूनही माझ्याकडे वळून बघू लागले. दोष माझ्यात निघाला. औषधाने सुधारेल असा, पण माझ्यातच.

घरी येऊन आईला सांगितलं. जन्मात एवढं अवघड वाक्य मी बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी तिने रंजनाला पुढ्यात बसवलं, मूल व्हावं म्हणून तिच्या दंडावर बांधलेले सगळे ताईत, गंडे, दोरे एकेक करून सोडले आणि मला हाक मारून ते सगळे माझ्या दंडावर बांधले. सात होते. माफी मागायची ही आईची पद्धत. रंजना त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने ती भरलेली बॅग उघडून दाखवली. आत माझे कपडे होते. "कुणी जायचंच असेल तर तुम्ही जाल, असं मी ठरवलं होतं," ती म्हणाली.

बाईंनी कमळाला परत नेलं, त्या फाटक्या नवऱ्यासकट. राजाभाऊचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. "राहू दे. मले आठवन राह्यली पाह्यजे," म्हणाल्या. आणि त्यानंतर माझे हाल चालू झाले. कुणाच्या घरी असा प्रश्न असला की बाई त्या नवऱ्याला धरून माझ्या दुकानात आणायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "हा पाह्य. हा जाऊन आला. मेला नाई." मी लाजेने मरायचो, पण ते नवरे जायचे.

बाई गेल्या वर्षी गेल्या. भर दुपारी, भात कुकरला लावून खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. आमची मुलगी त्यानंतर पाच महिन्यांनी झाली. तिने पहिला श्वास बाईंच्या हातावर घेतला नाही, याचं मला वाईट वाटतं आणि वाटतच राहील.

मागच्या महिन्यात पोंभुर्ण्याकडचा एक जण दुकानात आला. तासभर मासे बघत होता, घेत काहीच नव्हता. शेवटी म्हणाला, "सिस्टरबाईनं लय आधी सांगतलं होतं, का विलासभाऊले भेट." मी शटर ओढलं आणि त्याला घेऊन चंद्रपूरच्या गाडीत बसलो. तो इतका घाबरला होता की तिकीट दोनदा काढलं. वाटेत त्याने विचारलं, "बाई हायेत ना मूललेच? रिपोर्ट आला का त्यायलेच दाखवाव म्हन्तो."

"हायेत," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तो पुढच्याच थांब्यावर उतरून गेला असता.