कोरडं हाय

आमच्या धरणावरचा सगळ्यात भित्रा माणूस पाण्यावरच राहायचा. सिद्धेश्वरच्या जलाशयात माणसं ने-आण करणाऱ्या जुन्या लाकडी नावेतच त्याचा संसार होता. लोक चेष्टेने त्याला कप्तान म्हणत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पलीकडच्या गावात माझी शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक झाली. मी आडात वाकून पाहायलाही घाबरणारी! दोन दिवसांत नोकरी सोडायची, असं ठरवूनच त्याच्या नावेत पाय टाकला.

निघाल्यापासून तो सारखा फळीखाली हात घालून नावेचा तळ चाचपायचा आणि मोठ्याने सांगायचा, "कोरडं हाय." थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्याने हात घातला की मी नावेची कड घट्ट धरायची, आणि ते दोन शब्द ऐकले की सोडायची. "कप्तान, तुम्हीच इतके घाबरता, मग आम्ही काय करायचं?" असं मी एकदा चिडून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "भ्यावं, बाई. भेलेला माणूस दोनदा बघतो." त्या एका वाक्यावर मी ती नोकरी टिकवली.

तरुणपणी तो एका गोऱ्या जोडप्याच्या शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. ते नवरा-बायको बोटीतच घर करून समुद्र हिंडत. दिवा, रेडिओ, पाणी उपसायचा पंप, सगळं त्यांचं उन्हावर चाले. निरोप घेताना साहेबाने त्याला उन्हातून वीज करणारी एक काचेची निळी पाटी, बॅटरी आणि छोटा पंप दिला. पाटी त्याने नावेच्या छपराच्या पत्र्यावर बसवली. गावात अजून वीज यायची होती. कप्तानाच्या नावेत मात्र दिवा जळायचा, बातम्या लागायच्या. "राकेलच्या रांगेत काहून उभं राहू? सूर्य फुकट येऊन राहिला की!" असं तो ऐटीत म्हणे. नाव मात्र म्हातारी. दर उन्हाळ्यात डांबर लावूनही झिरपायची. पंप गुरगुरत ते पाणी बाहेर टाकायचा, म्हणून आम्ही जिवंत.

रथसप्तमीला पलीकडे हळदीच्या कामाला जाणाऱ्या बायका नावेत होत्या. पुढारीण गंगूमावशी. तिने तेलात कालवलेल्या हळदीने पाटीभर सूर्यनारायण काढला, वर कुंकू वाहिलं. कप्तानाचा चेहरा पडला. "पुसू नको बरं, सणाचं हाय," तिने दम भरला. पाण्याला भिणाऱ्या बायकांचा देव पुसायचा धीर त्याला झाला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या पुन्हा नावेत बसलो, तेव्हा पाटीवर हळद तशीच होती आणि आभाळ भरलेलं होतं.

धरणाच्या मध्यावर पंपाची गुरगुर थांबली. कप्तानाने फळीखाली हात घातला. आम्ही सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते दोन शब्द आले नाहीत. त्या न आलेल्या शब्दांची भीती मला आजही आठवते. माझ्या चपला ओल्या झाल्या तेव्हा तो म्हणाला, "बाई, डबा रिकामा करा." भाकरी पाण्यात टाकून मी उपसायला लागले. बायका रडत होत्या. वल्ही मारता मारता तो ओरडला, "मला बी लई भेव वाटून राहिलं! तुमी बी भ्या, पन हात थांबवू नका!" आम्ही भीत भीतच उपसत राहिलो. काठ लागला तेव्हाही डबा माझ्या हातातच होता.

गंगूमावशी मात्र आधी पत्र्याकडे गेली. पदराने पाटी घासून घासून पुसली. "देवाचंच तोंड झाकलं व्हय गं आमी," म्हणाली. पुढच्या रथसप्तमीपासून हळद नावेच्या नाकाला लागू लागली.

पुढे पलीकडे रस्ता झाला, नाव मोडली. कप्तान कुरुंद्याला पुतण्याकडे राहायला गेला. आजारी आहे असं कळलं म्हणून मी भेटायला गेले. पाटी माळवदावर ऊन खात पडली होती. तो बाजेवर. डोळे मिटलेले, पण एक हात बाजेखाली लोंबत होता आणि बोटं जमीन चाचपत होती. "दिवसभर हेच चालू हाय, झोपत न्हाईत," पुतण्या म्हणाला.

मी खाली बसले, त्याच्या हाताशेजारी जमिनीवर तळवा टेकवला आणि मोठ्याने म्हणाले, "कोरडं हाय, कप्तान."

त्याने डोळे उघडले नाहीत.

"अजून एक डाव बघा, बाई."

मी पुन्हा वाकले.