चूलबंद आवतन आणि चौकोनी डबे

आमच्या घराण्यात मी कॉम्प्युटरचा जाणकार समजला जातो. कारण एकच: कधीतरी ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी न फाडता ओढून काढला होता आणि ते घरी सांगितलं होतं.

पुतणीचा साखरपुडा अड्याळला, दादाच्या घरी. आठवडाभराची ड्युटी करून, मोडलेली कंबर आणि लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप घेऊन मी जवाहरनगरहून पोचलो. पुतणीने दारातच धरलं.

"काका, लग्नाची पत्रिका तुम्हीच करून द्या. व्याही संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन जातीन. आपन नाही देली तर ते आपल्या मनानं छापतीन. त्यांच्या सगळ्या पत्रिकांत फक्त बापाचंच नाव असते. मले आईचं पायजे. पहिलं."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला जास्त ताकद लागते.

सकाळची वेळ होती. वहिनीने आधी मला समोरच्या गुरुजींकडे आवतन द्यायला पाठवलं. चूलबंद आवतन, म्हणजे आज तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. ते देऊन आलो आणि मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला.

त्यात चांगला मराठी फॉन्ट नव्हता. पेनड्राइव्हवरचा एक मी हातानेच फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला. पुतणीने दिलेला मजकूर उघडला, तर वहिनीच्या नावाच्या जागी चौकोनी डबे. खाली दादाचं नाव, तेही डबेच. निदान समानता तरी होती.

कारण मला माहीत होतं. फॉन्ट रीतसर पॅकेजमधून आला, की सिस्टीम फॉन्ट सांभाळणाऱ्या पॅकेजला आपोआप इशारा देते आणि ते आपली यादी नवी करतं. मी मागच्या दाराने टाकला, त्यामुळे त्याला कोणी काही सांगितलंच नाही. असा इशारा हाताने द्यायची एक कमांड असते, डीपीकेजी-ट्रिगर. काळ्या खिडकीत ती टाइप केली. एंटर. काही चूक दाखवली नाही, खालच्या ओळीत नुसता कर्सर लुकलुकत राहिला. मी खूश.

मजकूर पुन्हा उघडला. डबे.

पुन्हा तीच कमांड. पुन्हा डबे. पुतणी दोनदा डोकावून गेली.

तेवढ्यात वहिनी आली. "भाऊजी, पहिली पंगत उठाले आली. गुरुजींच्या घरचे कुठी हायेत?"

"सकाळी आवतन दिलं न वहिनी."

"आवतन देल्यानं कोनी जेवाले येते काय? पानं मांडली, चला, असं सांगाले कोन गेलं? चूल बंद करून बसले असतीन बिचारे!"

धावत गेलो. गुरुजींचं अख्खं घर नवे कपडे घालून ओसरीवर ओळीने बसलेलं. गुरुजी म्हणाले, "या. आमाले वाटलं, लग्नाच्याच दिवशी बोलावता."

त्यांच्या मागे खाली मान घालून चालताना अंगणातच माझे पाय थांबले. मीही लॅपटॉपला नुसतं आवतनच देत बसलो होतो! ती कमांड फक्त इशारा नोंदवून ठेवते. काम तुंबलेलं राहतं, ते उरकायला डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजं सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, वेगळं सांगावं लागतं. आणि मी आपला पुन्हा पुन्हा तेच आवतन देत होतो.

खोलीत जाऊन तुंबलेले ट्रिगर, म्हणजे ते इशारे, चालवायची दुसरी कमांड दिली. दोन ओळी सरकल्या. मजकूर उघडला. वहिनीचं नाव, काना-मात्रेसकट, सगळ्यांत वर. पुतणीने ते हळू आवाजात वाचलं, पत्रिका टाकलेला पेनड्राइव्ह घेतला आणि थेट व्याह्यांच्या हातात दिला.

मी तिथेच भिंतीला टेकलो. बऱ्याच वेळाने दादा आला.

"तू जेवला का नाही अजून? भांडी घासून राहिल्या बाया."

"मले बोलवाले कोनी आलंच नाही," मी म्हटलं.