चाचांच्या कार्डावरचे धागे

माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून ज्यांचं शिलाईचं दुकान आहे, त्या टेलरचाचांइतका आज्ञाधारक रोगी अख्ख्या मुलचेऱ्यात झाला नसेल, आणि त्या आज्ञाधारकपणापायीच ते मरायला टेकले होते. रंगाच्या बाबतीत त्यांचा शब्दांवर भरवसाच नाही. "लाल म्हंजे कोनता लाल?" म्हणत गिऱ्हाइकापुढे दहा रिळं मांडतील. टीबी निघाला तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं, या गोळ्यांनी लघवी लालसर होईल, घाबरून गोळ्या सोडायच्या नाहीत. झालं! चाचा रोज लघवीच्या रंगाशी जुळणारा धागा तोडून गोळ्यांच्या कार्डाला टाचू लागले. केशरी, केशरी, पुन्हा केशरी. मी जेवत असलो तरी कार्ड नाकासमोर हजर.

एके दिवशी त्यात गडद लाल धागा आला. "हा मंजनाच्या वक्ताचा," चाचा खुशीत म्हणाले, "दवा हिरड्यांपर्यंत पोचली, भाऊ!" पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, त्यांचाही धागा लागला. मीही मोठा शहाणा, मान डोलावली. सिस्टरनंच लाल सांगितलं होतं ना! मग दुपारी शिवताना त्यांच्या बोटात सुई गेली आणि रक्त थांबेचना. चाचा हळहळत होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी, "अरे, नवरदेवाचा कुर्ता खराब झाला!" मी मात्र टरकलो. मागच्या कॅरिअरवर बसवून त्यांना दवाखान्यात नेलं.

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अहो चाचा, लघवी सांगतली होती मी, हिरड्या नाई!" रक्त तपासलं, तर ते गोठवणाऱ्या पेशी पार घटलेल्या. गोळ्यांपैकी एकीचा हा प्रताप असावा, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या थांबवून त्यांना जिल्ह्याला धाडलं. चाचा रडकुंडीला आले. "घेतली तं रक्त जाते, नाई घेतली तं टीबी. मी आयकू कोनाचं?"

महिन्याभरानं ते दुसऱ्या गोळ्या घेऊन परतले, तेही खट्टू होऊन. "भाऊ, रंगच येत नाई. दवा नकली तं नाई?" रंगवाली गोळीच खोडकर निघाली, रक्त तिच्यापायीच जात होतं, म्हणून ती कायमची बंद झाली, हे मी तीनदा सांगितलं. पटलं नाही. शेवटी त्यांनी सुई उचलली, बोटाला टोचली आणि बोट माझ्या हातात दिलं. थेंब आला. आम्ही दोघं बघत बसलो. थेंब तिथंच सुकला.

"थांबलं ना?" चाचांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणालो, आणि त्यांचं बोट बराच वेळ माझ्याच्यानं सोडवेना.