तीर्थासारखी घेतलेली शॅम्पेन

मुलाने बढतीची शॅम्पेन काल घरी उघडली. आंबट सफरचंद आणि ताज्या पावाचा तो वास आला आणि मी थेट महाळुंग्याच्या कारखान्यात, पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या आमच्या जुन्या प्रेस शॉपमध्ये जाऊन उभा राहिलो.

नव्या प्रेसची पूजा होती. नारळ फुटल्यावर फ्रान्सहून आलेल्या साहेबांनी शॅम्पेनची बाटली उघडली. त्यांच्या गावी थंडीमुळे द्राक्षं जेमतेम पिकतात, म्हणून चांगलं पीक आलं तरच बाटलीवर साल छापतात, असं ते कौतुकाने सांगत होते. प्रेसचा ऑपरेटर दत्ता लातूरकडचा. पूजेनंतर देतात ते तीर्थ, एवढंच त्याला ठाऊक. त्याने उजवा तळहात पुढे केला. साहेब हसले, पण त्यांनी ओतली. दत्ताने भुरका मारला, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, गार हाय, पण जिभेला चावतंय बघा!"

सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर मी, मेंटेनन्सवाल्याने, त्याच सकाळी बायपास करून निकामी केला होता. चाचणीत तो सारखी लाइन थांबवत होता आणि सुपरवायझरला टार्गेटची घाई होती. "नंतर जोडतो," म्हणालो होतो. जोडला, पण दत्ताचा हात गेल्यावर.

गेल्या महिन्यात कुरुळीला त्याच्याकडे सत्यनारायण होता. तीर्थ देताना गुरुजी मान खाली घालूनच म्हणाले, "उजवा हात पुढे करा." दत्ताने डावा केला.

पुढचा नंबर माझा होता. माझा उजवा हात काही केल्या उचलेना.