रजेच्या अर्जातलं दुःख

नाना गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. सुरतजवळ पांडेसऱ्याच्या आमच्या कापड मिलमधल्या जुन्या लोकांचा एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी नऊला कुणीतरी त्यांचा फोटो टाकला आणि दहापर्यंत त्याखाली तीच तीन इंग्रजी अक्षरं येत राहिली, आर.आय.पी... मीही तीच टाकली आणि लगेच शरम वाटली. आयुष्यभर दुःखाचे इंग्रजी शब्द पारखून वापरणाऱ्या माणसाच्या वाट्याला शेवटी आम्ही अक्षरंच दिली.

देविदास नाना मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि रजा बघणाऱ्या खोलीत, कारकून होते. ते शिंदखेड्याकडचे. मी पारोळ्याचा, वयाने पंधरा वर्षांनी लहान, शेजारच्या टेबलावर. रजेचा अर्ज तेव्हा इंग्रजीतच लागायचा आणि डाइंग, म्हणजे कापड रंगवण्याच्या, खात्यातल्या लोकांना इंग्रजी येत नसे, म्हणून लिहायचं काम आपसूक नानांकडे आलं. दुसरा कुणी असता तर एक नमुना करून ठेवला असता आणि नावं बदलत बसला असता. नाना तसे नव्हते. हातापायाला रंग लागलेला माणूस दारात येऊन म्हणायचा, "माय गई, नाना. गावले जानं शे." नाना त्याला स्टुलावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायला लागायचे. माय कशी होती, तुझ्यावर जीव होता का, शेवटचं बोलणं कधी झालं, काय बोलली... उधन्याहून भुसावळकडची गाडी पकडायची घाई असलेला माणूससुद्धा बोलायला लागायचा. मग नाना ड्रॉवरमधली चिंधी झालेली डिक्शनरी काढायचे.

त्यांचा हिशेब ठरलेला होता. लांबच्या चुलत्याला 'सॅड' पुरे. नातवंडं-पतवंडं बघून गेलेल्या आजीला 'सॉरो'. आईबापाला आणि बायकोला 'ग्रीफ', तोही 'डीप' लावून. भावाशी भांडण असताना भाऊ गेला, तर 'अँग्विश', कारण त्यात दुःखाबरोबर जाच आहे असं ते म्हणायचे. 'इनकन्सोलेबल', म्हणजे ज्याचं सांत्वनच होऊ शकत नाही, हा शब्द त्यांनी माझ्यादेखत एकदाच लिहिला, लेकरू गेलेल्या एका बापासाठी. लिहून झालं की अर्ज मोठ्याने वाचायचे आणि त्या शब्दाचा अर्थ अहिराणीत समजावून सांगायचे. माणूस मान हलवून अंगठा किंवा सही करायचा.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. साहेबांच्या केबिनमध्ये अर्ज मीच घेऊन जायचो, आणि साहेब फक्त किती दिवस एवढंच बघून सही करायचे हे मला ठाऊक होतं. एकदा चहा पिताना मी ते नानांना सांगून टाकलं. थोडी मजाही वाटली सांगताना, खोटं कशाला बोलू. नाना दुखावतील असं वाटलं होतं. ते बशीतला चहा संपवून म्हणाले, "साहेबकरता कोठे लिखस मी?" आणि पुन्हा कामाला लागले.

मग माझे वडील गेले. आमचं सात वर्षं बोलणं नव्हतं. मी माझ्या पसंतीने लग्न केलं, ते लग्नाला आले नाहीत, मी पुन्हा गावी गेलो नाही, इतकी साधी गोष्ट. नानांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी म्हणालो, "नाना, ते विचारणं-बिचारणं नको. सॅड लिहा आणि मोकळे व्हा. मला काहीच वाटत नाहीये." त्यांनी अर्ज लिहिला. 'आय ॲम इन' इथपर्यंत आले आणि पुढे बोटभर जागा कोरी सोडून खालचा मजकूर पुरा केला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, तुला सापडला की तू भर, माझ्याकडे तुझा शब्द नाही. साहेबांनी त्या कोऱ्या जागेसकट सही केली. तेरा दिवसांची रजा मंजूर झाली आणि पाचव्या दिवशी मी कामावर हजर झालो. लोकांनी कौतुक केलं. नानांनी मात्र पुढच्या अकरा वर्षांत तो विषय एकदाही काढला नाही. विचारलं असतं तर मी चिडलो असतो हे खरं, पण विचारायला हवं होतं असं आता फार वाटतं.

ते गेल्यावर सहाव्या दिवशी मी उधन्याला त्यांच्या खोलीवर गेलो. मुलगा बमरोलीला कामावर गेला होता, नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. आल्यागेल्याने जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, त्यामुळे मला सुचेना. वाईट झालं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं भलतंच, की वहिनी, शेवटचं काय बोलले तुमच्याशी? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागल्या. भाजीत मीठ कमी झालं म्हणाले होते. त्यावरून त्या रागावल्या होत्या, आणि तो राग उतरायच्या आत दुपारी नाना झोपेतच वारले. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नव्हतं. पाऊण तास त्या बोलत होत्या, मधेच हसल्यासुद्धा.

बोलून झाल्यावर डोळे पुसले आणि अगदी सहज मला विचारलं, "तुना बाप कसा व्हता रे भाऊ?"

तापट होते, हे माझं तयार उत्तर. तेच द्यायला गेलो आणि तोंडातून निघालं की मी सुरतला पहिल्यांदा निघालो तेव्हा ते फाट्यापर्यंत माझी पेटी डोक्यावर घेऊन आले होते. मला उचलू दिली नाही. बस सुटली तरी उन्हात उभे होते... वडील गेल्याला अकरा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्यासाठी पहिल्यांदा रडत होतो, तेही दुसऱ्याच्या घरी, ज्यांच्या सांत्वनाला गेलो होतो त्यांच्यासमोर.

वहिनींनी मला गप्प केलं नाही.

"मंग?" त्या म्हणाल्या. आणि मी सांगत गेलो.