आबांचा 'लाभ' आणि माझा 'दोन'

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास न्हाई. कपिलधारला नारळ फोडतो तो आईच्या धाकानं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस… आधी लॉग दाखवा, म्हणजे मशीननं लिहिलेली नोंद, मग बोला.

केजला बसस्टँडच्या मागं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस हाय. मी आणि माझा चुलतभाऊ संतोष, दोघं एकाच कंपनीचं काम करतो. दूध संकलनाचं ॲप – अर्धं त्याचं, अर्धं माझं. ज्याचा भाग बिनचूक चालेल तो टीम लीड, असं पुण्याच्या साहेबांनी सांगितलेलं. मला ते पायजे होतं. लई पायजे होतं! कारण लहानपणापासून सगळं संतोषलाच. पोटात दुखतंय म्हणा… दुखतंच.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, मेंढरं राखायचे. संध्याकाळी मेंढरं मोजताना 'एक' कधी म्हणायचे न्हाईत. शुभ म्हणून पहिल्याला 'लाभ' – लाभ, दोन, तीन… जेवायला बसलो की आम्हा नातवंडांनाही तसंच मोजायचे. संतोषच्या डोक्यावर हात – "लाभ." मग माझ्या – "दोन." अहो, मी थोरला! आबा गेले, पण ते काही डोक्यातून गेलं न्हाई.

तर… लिहिलेला कोड बांधून काढला की तो बिल्ड. प्रत्येक बिल्डला सॉफ्टवेअरची एक बांधीव इमेज तयार होते आणि आमची पाइपलाइन, म्हणजे हे सगळं करणारी यंत्रणा, तिला आपोआप नंबराचा टॅग लावते – १, २, ३. दोघांच्या भागांची मोजणी वेगवेगळी. टॅग लावायची स्क्रिप्ट माझीच, तिच्यात नंबराशिवाय काही येऊच शकत न्हाई.

त्या दिवशी भर दुपारी दोघांनी आपापला पहिला बिल्ड चालवला. दोन्हीकडं '१' यायला पायजे होता.

संतोषच्या इमेजवर टॅग आला, इंग्रजी अक्षरांत – लाभ.

"दादा, ही कसली चेष्टा?" त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

"मी कशाला करू रं?" मी त्याच्या स्क्रीनवर वाकलो.

डिप्लॉय, म्हणजे इमेज लोकांच्या वापरात लाइव्ह सोडणारी पायरी, फक्त नंबर घेतं, म्हणून त्याची इमेज तिथंच अडली. का अडली ते बघता बघता त्याला स्वतःच्याच कोडमधली चूक सापडली – सकाळचं दूध संध्याकाळात जमा होत होतं. त्यानं ती काढली, परत बिल्ड केला, या वेळी टॅगवर नंबर आला. बिनबोभाट लाइव्ह!

आणि माझा? पहिलाच बिल्ड, तरी टॅग – २. नंबरच होता, म्हणून सरळ लाइव्ह गेला, आतल्या चुकीसकट. चकलांब्याचं दूध भलत्याच गावाच्या नावावर. फोनवर फोन, शिव्यांवर शिव्या… लीड झाला संतोष.

मी सगळे लॉग पालथे घातले, स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली. काही सापडलं न्हाई, आजवर न्हाई. संतोष डोळे पुसत म्हणतो, "आबाच दादा. मला वाचवायला आलते."

असतील बाबा. पण मग माझ्या बिल्डवरही त्यांचाच हात फिरला की! वरून येऊन मोजून गेले… आणि तरीबी मी दोनच?