स्क्रीनवरची कुंकवाची जागा

वॉरंटी संपून दोन महिने झाले नाहीत तोच माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर डाग फुटायला लागले. आधी कडेला, मग मधोमध. वरचा पातळ थर ओल आलेल्या भिंतीसारखा सुटत चालला होता. मी घरी बसून घरांचे नकाशे काढतो. रेघ कुठे संपते आणि डाग कुठे सुरू होतो, तेच कळेना.

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं नीट बघितलंसुद्धा नाही. "सर, कोटिंग गया. गीले कपड़े से पोंछते होंगे. अब वॉरंटी में तो होगा नहीं."

मी कशाला पुसतोय! पण पुसतं कोण, ते मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कामाची सगळी अवजारं पुजतात. आईची शिलाई मशीन, विळी, वडिलांचा टाइपरायटर. वडील गेल्यापासून टाइपरायटरच्या शेजारी माझा लॅपटॉपपण येतो. आई तो उघडून पाटावर ठेवते, स्क्रीनवर अगदी वर, मधोमध हळदकुंकू लावते, झेंडू वाहते आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून टाकते. गेल्या दसऱ्यालाही तेच झालं होतं.

घरी आलो तो तणतणतच. आई नुकतीच बड्या गणपतीचं दर्शन घेऊन आली होती, पायातली चप्पलही काढली नव्हती. "तुझं ते कुंकू आणि तुझं ते फडकं! माझ्या पोटावर पाय आणलास तू! यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावू नकोस!"

"अच्छा," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर रिमोटलासुद्धा फडकं मारणारी ही बाई माझ्या टेबलाकडे फिरकेना. चहाचा कप दारातूनच पुढे करायची. आत ये म्हटलं तर म्हणे, "नको रे बाबा, माझ्या हातानं आणखी काही बिगडायचं." काळजात चर्र झालं, पण माफी मागायला जीभ काही रेटेना.

शेवटी स्नेहलतागंजातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं स्क्रीन उजेडात तिरकी धरली, मग अर्धी मिटली.

"भिया, ये निशान देखो, सब बटन के हैं. ढक्कन बंद करते हो तो घिसते हैं, ऊपर से हाथ का तेल. मेरे पास ऐसे बहोत आते हैं."

"पोंछने से नहीं?"

"पोंछने से जाता तो यहां से भी जाता ना?" त्यानं वर, मधोमध बोट ठेवलं. आईच्या कुंकवाची तेवढी जागा नव्यासारखी होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेलं कोटिंगही काढून टाका, म्हणाला, काच थोडी चमकेल पण काम चालेल. साफ करायचं लिक्विड दिलं, मऊ कापड दिलं. "बस, हाथ हल्का रखना."

घरी येऊन लॅपटॉप आईसमोर ठेवला. "आई, चुकलो मी. तुझ्या पुसण्यानं काही झालं नव्हतं. उगाच बोललो. आता हे तूच पूस, माझा हात जड आहे."

"आणि परत बिगडलं तर?"

"तर बिगडू दे."

तिनं दोन दुपारी बसून देवाची तसबीर पुसावी तसा तो थर उतरवला. स्क्रीनमध्ये आता खिडकी दिसते, माझं तोंडही दिसतं, पण रेघ स्वच्छ दिसते.

खंडेनवमीला बघतो तर पाटावर मशीन, विळी, टाइपरायटर. लॅपटॉप नाहीच. तिनं मागितलाच नव्हता. मीच नेऊन, उघडून ठेवला. कुंकवाचं बोट तिनं उचललं आणि तसंच धरून राहिली.

"झाकणाला लावते, बाहेरून."

"नाही. नेहमीच्या जागी."

तिनं लावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आणि उद्या पुसायचं कोणी?"

"तूच," मी म्हटलं, "मी तर हातसुद्धा लावणार नाही."